एक पाय सोडवून मोजावं

बोरीचीवाडी, ता. केज
१४ डिसेंबर २००३

आदरणीय विठ्ठलराव वस्तादांस,
धर्मराजचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुमचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. दोनदा लिहायला बसलो. एकदा रिफिल संपली आणि दुसऱ्यांदा काय लिहावं तेच सुचेना. तुम्ही लिहिता फोन करत जा. पण माझा उजवा कान आता पूर्ण गेला आणि डाव्याला फोनमधलं नीट लागत नाही. बूथवर मी ओरडतो, तिकडून काय येतं ते कळत नाही आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना माझं सगळं घर कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. मात्र पत्र पोचतं का याची काळजी लागून राहते. मागचं पोचलं होतं ना? त्यात गुडघ्याच्या तेलाचं लिहिलं होतं. तुम्ही त्याचं काहीच कळवलं नाही.

इकडे टँकर दोन दिवसाआड येतो. आला की आडात पाणी सोडतात आणि घागरी एकमेकींवर आदळतात. आमच्या मंडळींचं, सरस्वतीबाईचं, मनगट त्यातच मुरगळलं. आता पाणी मी भरतो, पण लोक म्हाताऱ्याला ढकलायला लाजत नाहीत. गाय आहे अजून. कडबा मार्चपर्यंत पुरेल की नाही, सांगता येत नाही.

एक विचारायचं होतं. ओळखीच्या एकाचा टीव्ही माझ्याकडे आला आहे. चालू केला की चित्र चांगलं येतं आणि अर्धा-पाऊण तास तापला की आक्रसतं. मी पाठ उघडली. वीज सरळ करणाऱ्या भागात वीज साठवणारे दोन कंडेन्सर शेजारी शेजारी आहेत, दोन्हींच्या अंगावर ४७० लिहिलेलं. तुम्ही केज सोडताना दिलेलं हातात धरायचं मीटर लावलं, तर ४७२ दाखवलं. दुसऱ्यालाही लावलं, तेही ४७२. अंगावर लिहिलेलं आणि मीटरवरचं जुळलं. मग बिघाड कुठे असावा? मीटर खोटं दाखवतं का कधी? नीट समजावून लिहा. आपली चौथी यत्ता, तुम्हाला माहीतच आहे.

गावात विशेष काही नाही. दूध संस्थेनं दसऱ्याच्या सुमारास एका बाईचं दूध बंद केलं, पाणी घालते म्हणून. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. टोळी इस्लामपूरच्या बाजूला आहे म्हणतात. तुमच्याकडे आपल्या भागातल्या टोळ्या आल्या आहेत का? सहज विचारलं.

टीव्हीचं मात्र लवकर कळवा. तो माणूस घाई करतो आहे.

आपला,
धर्मराज


इस्लामपूर
३० डिसेंबर २००३

धर्मा,

तेल लावतो आहे. गुडघा तसाच आहे आणि वास मात्र साऱ्या घराला येतो. सूनबाई नाक धरून चहा देते. हे आधी लिहिलं, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

आता तुझा टीव्ही. ओळखीच्याचा म्हणे! ऑस्ट्रेलियातली मॅच बघायला तूच पहाटे उठत असशील. गड्या, केजच्या दुकानात मी तुला किती वेळा सांगितलं? कंडेन्सर मोजायचा तर आधी त्याच्या पोटातली वीज रिकामी करायची आणि मग एक पाय कथलाचा डाग काढून वर उचलायचा. जागेवर दोन्ही पाय रोवून असलेल्या कंडेन्सरला मीटर लावलं, तर मीटर त्याला एकट्याला मोजत नाही. त्याच्याशी जोडलेलं जे जे असेल ते सगळं मोजतं. हे तू त्या वेळी मान हलवून ऐकलंस. मला वाटलं, समजलं. तुझी मान हलते फार.

आता नीट वाच. ते दोघं सर्किटच्या पाटीच्या मागून एकमेकांना जोडलेले असणार. बघ उलटी करून. अशी जोडी असली की मीटरला दोघांची बेरीज दिसते. दोघंही धड असते तर ९४० यायला पाहिजे होतं. तुला एकट्याचंच माप आलं, म्हणजे एक मेला आहे आणि शेजारचा जिवंत आहे. तू मेलेल्याला मीटर लावलंस तरी जिवंताचंच माप आलं. तुला बरोबर वाटलेला आकडा हाच बिघाड आहे. थंड असताना एक कंडेन्सर कसंबसं निभावतो. सगळं तापलं आणि विजेचा दाब घसरला की त्याचं बळ संपतं.

मीटर खोटं दाखवतं का, विचारतोस. मीटर विचारलं तेवढंच सांगतं. तू विचारलंसच चुकीचं.

टोळ्या आल्या आहेत. कालव्याच्या कडेला चाळीसेक कोप्या आहेत, पाचटाच्या झोपड्या, निम्म्या आपल्याच भागातल्या. गुडघा बरा असला की मी संध्याकाळी तिकडे जाऊन बसतो. 'का'ऐवजी आपलं 'कावून' कानावर पडलं की बरं वाटतं. या वर्षी लोकरी माव्यानं ऊस खाल्ला आहे, गाळप लवकर संपेल म्हणतात.

आणि हो, दूध बंद केलेली बाई कोण? एवढा दुष्काळ आणि दुधात घालायला तिला पाणी कुठून मिळालं?

विठ्ठल


बोरीचीवाडी
१२ जानेवारी २००४

वस्ताद,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. सरस्वतीबाईला वाटलं पोट बिघडलं.

टीव्ही नव्हता. माझ्याकडे कोणाचाही टीव्ही आलेला नाही. ते दूध संस्थेचं फॅट मोजायचं मशीन होतं. तुमच्याशी खोटं बोललो. आता सगळं लिहितो. पत्र लांबेल, कंटाळू नका.

आमचं केंद्र माहीत आहे तुम्हाला, पाराजवळचं. सकाळी साडेसहाला सेक्रेटरी मशीन चालू करतो. किटल्या रांगेत ठेवलेल्या असतात. आधी वरच्या आळीच्या, मग मधल्या आणि सगळ्यात शेवटी भीमनगरची. भीमनगरातून दूध घालणारी एकच, चतुराबाई. भारतची बायको. असा नियम कोणी केलेला नाही आणि कोणी मोडलेलाही नाही. ती लवकर आली तरी किटली शेवटी ठेवायची आणि लिंबाखाली उभी राहायची. माझ्या नजरेला ते कधी खटकलं नाही. रांग अशीच असते असं वाटायचं.

सप्टेंबरपासून तिच्या दुधाचं फॅट कमी यायला लागलं. साताचं पाच, मग साडेचार. दुधातलं पाणी दाखवणारं काचेचं लॅक्टोमीटर फुटलेलं, नवं आलं नव्हतं. जो निर्णय तो मशीनचा. चेअरमन सुंदरराव तिला म्हणाले, पाणी घालतेस. ती म्हणाली, मशीन तपासा. कंपनीचा माणूस महिन्यानं येणार, म्हणून सुंदरराव म्हणाले, "आपला धर्मराज हाय की. त्याच्याकडं मीटर हाय."

मला फार बरं वाटलं वस्ताद, खोटं कशाला सांगू. केजचं दुकान बंद झाल्यापासून मला कोणी कशासाठी बोलावलं नव्हतं. साऱ्या रांगेसमोर मी मशीन उघडलं. मीटर लावलं, ४७२ आलं, सगळ्यांना दाखवलं. मशीन जोडून चालू केलं आणि माझ्याच घरचं दूध घालून बघितलं. बरोबर आलं. येणारच, मशीन थंड होतं! मी म्हणालो, "मशीन खरं बोलतंय."

चतुराबाई पुढे आली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो. "काका, प्यायला घागर मिळंना. म्हशीला मी दोन कोसावरनं पानी आनते, डोक्यावर. त्ये दुदात कावून वतीन? तुमीच सांगा."

मी म्हणालो, "मी काय सांगू? मीटर सांगतंय."

ती हसली. म्हणाली, "नाव धर्मराज, अन् न्याव मीटरावर सोडला."

सगळे हसले. मला राग आला आणि मी आणखी बोललो. काय बोललो ते लिहवत नाही. केंद्राच्या फळ्यावर सेक्रेटरीनं खडूनं लिहिलं, 'भेसळीमुळे बंद', आणि खाली तिचं नाव. आठवड्यात म्हैस केजच्या बाजारात गेली आणि दिवाळीनंतर नवरा-बायको टोळीबरोबर निघून गेले. घरी सासू एकटी आहे, भिवराबाई.

त्यानंतर दूध कमी झालं, रांग लहान झाली आणि मशीन तापायच्या आतच काम संपायला लागलं. डिसेंबरात शेजारच्या वाडीचं दूधही आमच्याच केंद्रावर यायला लागलं आणि रांग पुन्हा लांबली. आता सगळ्यात शेवटी येतात वत्सलाबाई, सुंदररावांची भावजय. त्यांच्या घरी पूजेशिवाय धार काढत नाहीत. त्यांचं फॅट पाच आलं. दुसऱ्या दिवशी पावणेपाच. सुंदरराव तडक माझ्या घरी. "मशीन बिघडलंय. वैनी असलं करायच्या न्हाईत."

तेव्हाच मला लिंबाखालची चतुराबाई आठवली. पुन्हा मीटर लावलं, पुन्हा ४७२. म्हणून तुम्हाला ते खोटं पत्र लिहिलं.

तुमचं उत्तर आलं आणि पाटी उलटी केली. दोघं जोडलेलेच होते. एकाचा पाय उचलला. वस्ताद, मीटरवर ९ आलं. ४७० नाही, नऊ. पाय खरवडून पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ.

नवा बसवला. मशीन आता तासभर चाललं तरी हलत नाही. सुंदररावांना मी सगळं सांगितलं, चतुराबाईचंही. ते म्हणाले, "झालं ते झालं. बसवला न्हवं? आता गप ऱ्हावा. संस्थेचं नाव कावून घालवता?"

मी गप्प आहे. भिवराबाई आडावर दिसली की मी घागर तशीच टाकून परत येतो. मी काय करू? गप्प राहिलो तर चालेल का? तुम्ही म्हणाल तसं करीन. लवकर लिहा.

धर्मराज


इस्लामपूर
१ फेब्रुवारी २००४

धर्मा,

मी म्हणेन तसं करणार असशील तर वाच. आणि मान हलवू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कालव्यावर गेलो. विचारलं, "केजकडचं कोण हाय का?" एक म्हातारा म्हणाला, "सगळंच केज हितं आलंय बाबा. तिकडं कोन ऱ्हायलंय त्ये सांगा." मी चतुराबाईचं नाव घेतलं. चुलीपाशी एक लहान पोरगी होती, ती म्हणाली, "पानीवाली व्हय?" तिच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पण धपाटा घालायच्या आधी आई हसली होती, ते मी पाहिलं.

तर असं आहे. टोळी तुमच्याच गावाकडची आहे. नाव इथवर आलं आहे. तिच्या कोपीतला चहा बायका घेत नाहीत. जातीचं म्हणशील तर ती सगळी एकाच वस्तीतली आहेत, धर्मा. तिचीच माणसं. कामावर कोणी थोडं हातचं राखलं की म्हणतात, 'चतुराचं दूध झालं.'

ती मोळ्या बांधून आली. हात उसाच्या पात्यांनी चिरलेले. मी नाव सांगितलं. म्हणाली, "वळखते की. तुमी रेडिओवाले. माझ्या बापानं तुमच्याकडनं रेडिओ दुरुस्त करून आनलता." तिनं कोयता कोपीत खोचला. मग विचारलं, "आमच्या गावचे धर्मराजकाका तुमच्याकडंच शिकले का?"

मी हो म्हणालो.

"बरं शिकवलं," म्हणाली आणि चूल फुंकायला बसली.

मी तिला काहीच सांगितलं नाही. तोंडावर आलं होतं. पण ते माझं सांगणं नव्हे. तू चारचौघांत बोललास, ते मी इथं कोपीच्या दारात कानात सांगून फिटणार नाही. मीटर मी दिलं, धर्मा. हात तुझा होता.

म्हणून आता ऐक. जिथं बोललास तिथंच, सकाळी, रांग भरलेली असताना सांग. सुंदररावाला विचारू नकोस. संस्थेच्या नावाची काळजी त्याला आहे, तिच्या नावाची कोणाला आहे? मग तिला चिठ्ठी लिही, मी नेऊन देतो. वाचून दाखवायची गरज नाही. ती सातवी शिकलेली आहे, टोळीची सगळी पत्रं तीच वाचते. तुझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त.

आणि उशीर करू नकोस. या महिन्याच्या अखेरीला इथला पट्टा पडतो, गाळप संपतं. मुकादम टोळीला इथून कर्नाटकात नेणार आहे, कुठं ते त्यालाही ठाऊक नाही. तिचा नवरा भारत म्हणाला, "कारखाना संपला की मी आईकडं जातो म्हनलं, तर ही म्हनती, तुमी जावा. त्या गावात मी पाय ठिवनार न्हाई."

विठ्ठल


बोरीचीवाडी
११ फेब्रुवारी २००४

वस्ताद,

तुमचं पत्र शनिवारी आलं. रविवार गेला. वाटलं, रविवारी कशाला, लोक घाईत असतात. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. सोमवारी सकाळी केंद्रावर गेलो.

माझ्या खिशात तो मेलेला कंडेन्सर होता. तीसेक माणसं असतील. सुंदररावही होते. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा घरी राहिला. तसंच बोललो. म्हणालो, "दसऱ्याला मी मशीन बरोबर आहे म्हणालो होतो. ते चूक होतं. मशीन तापल्यावर फॅट कमी दाखवत होतं. चतुराबाईचं दूध चांगलं होतं. मला नीट मोजता आलं नाही." कंडेन्सर वर धरून दाखवला. मीटर लावूनही दाखवलं.

सगळे किटल्यांकडेच बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तेव्हा मागून एक जण म्हणाला, "आमचा कान शाबूत हाय काका, तुमचा गेलाय." हशा झाला. सुंदरराव हसत हसत म्हणाले, "वय झालंय धर्मराजचं. एकदा बराबर म्हनतंय, एकदा चूक म्हनतंय. सकाळच्या पारी कावून ह्यो तमाशा? चला, किटल्या पुढं घ्या."

मी फळ्याकडे गेलो. तिचं नाव चार महिने तसंच होतं. पटक्याच्या शेवानं पुसलं. खडू गेला, पण अक्षरांचा डाग राहिला, वाचता येतो. थुंकी लावून पुसलं, तरी जात नाही.

भिवराबाई लिंबाखाली उभी होती, सून उभी राहायची तिथंच. कोणी सांगितलं होतं कोण जाणे. ती पुढे आली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं कंडेन्सर हातात घेतला, उलटासुलटा केला. म्हणाली, "ह्यो मेला म्हून मशीन तापल्यावर चुकत हुतं म्हनता?"

मी म्हणालो, "हो."

"मंजी जो शेवटी, त्येचं दूध वाईट."

मी म्हणालो, "हो."

"मंग माजी सून शेवटी कावून हुबी ऱ्हायाची, त्ये बी मोजा की त्या मीटरानं."

वस्ताद, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. सेक्रेटरीनं पुढची किटली ओढली. ती कंडेन्सर माझ्या हातात ठेवून निघून गेली.

काल आणि आज मी माझी किटली रांगेत शेवटी ठेवली. भिवराबाईला दाखवायला नव्हे, तसं समजू नका. का ठेवली ते मलाही नीट सांगता येत नाही. पण ती तिथं राहतच नाही. मी तंबाखू मळेपर्यंत कोणीतरी उचलून पुढे ठेवतं. "काका, तुमी पुढं या, तुमी कावून मागं?" मी मागे नेली की पुन्हा कोणीतरी पुढे आणतं. मुद्दाम करत नाहीत. हातच तसे आहेत.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. वर काय लिहावं यात माझा एक दिवस गेला. इतक्या वर्षांत तिला मी 'ए' शिवाय हाक मारलेली नाही. शेवटी जे लिहिलं ते तुम्हीही वाचा, चुकलं असेल तर सुधारा:

'चतुराबाई यांस, धर्मराजचा जयभीम. तुमचं दूध चांगलं होतं. मशीन खोटं होतं आणि मी ते खरं म्हणालो, कारण मी नीट मोजलं नाही. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर परत घेतलं. फळ्यावरचं नाव पुसलं. भिवराबाईंनी विचारलं की तुम्ही शेवटी का उभ्या राहायच्या. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि इतकी वर्षं मी ते विचारलंही नाही. सोबतचा कंडेन्सर मेलेला आहे. टोळीत कोणी काही म्हणालं तर हा दाखवा. गावात परत या असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण भिवराबाई एकट्या आहेत.'

कंडेन्सर कापसात गुंडाळून पाकिटात घातला आहे. पोस्टातल्या माणसानं पाकीट दाबून पाहिलं, काय आहे विचारलं. फुटणार नाही ना? पाकीट हाती पडलं की त्याच दिवशी कालव्यावर जा. गुडघा दुखत असला तर रिक्षानं जा, पण जा.

धर्मराज


बोरीचीवाडी
९ मार्च २००४

वस्ताद,

चार आठवडे होत आले, तुमचं उत्तर नाही. मध्ये एक कार्डही टाकलं, तेही पोचलं की नाही कळत नाही. तुमची तब्येत बरी आहे ना? गुडघ्याचं काही झालं का? सूनबाईंना सांगून एक ओळ तरी लिहायची. मनात नाही नाही ते येतं. पाकीट वाटेत फाटलं असेल आणि कंडेन्सर कुठल्या तरी पोत्याच्या तळाशी पडला असेल. किंवा तुम्ही गेलात आणि कोप्या मोडलेल्या असतील, नुसत्या चुलींची राख राहिली असेल. किंवा ती भेटली आणि तिनं चिठ्ठी न वाचताच चुलीत घातली, आणि ते मला कसं लिहावं हे तुम्हाला सुचत नसेल.

तसं असलं तरी लिहा.

भिवराबाई रोज पोस्टमन यायच्या वेळेला माझ्या अंगणाबाहेर येऊन थांबते. मी आत ये म्हणतो. ती म्हणते, "हितंच बरंय." सरस्वतीबाई तिला पाणी देते. ती ओंजळ पुढे करते, सरस्वतीबाई वरून ओतते. काल मी म्हणालो, तांब्या हातात दे. सरस्वतीबाई माझ्याकडे बघत राहिली आणि भिवराबाईही. मग सरस्वतीबाईनं तांब्या तिच्या हातात दिला. भिवराबाई पाणी ओंजळीनंच प्यायली आणि तिनं तांब्या घासून पालथा घातला. सवय आहे म्हणाली.

भारत आला नाही. कोणीच आलं नाही. ऊसतोडीला गेलेले दोघे पाय मोडून परत आले, तेही दुसऱ्या कारखान्यावरचे. त्यांना काही माहीत नाही.

केंद्रावर रांग होती तशीच आहे. मी मात्र आता किटली खाली ठेवतच नाही, हातात धरून लिंबाखाली उभा राहतो. हातात असली की कोणाला पुढे नेता येत नाही. "म्हाताऱ्याला येड लागलं," म्हणतात, डाव्या कानाला ऐकू येतं. सगळ्यांचं झालं की मी देतो. मशीन तोवर तासभर तापलेलं असतं. वस्ताद, शेवटी माझ्या दुधाला फॅट अगदी बरोबर येतं. रोज बरोबर येतं. रोज आकडा बघतो आणि वाटतं, तिचंही आलं असतं.

आड कोरडा पडला, टँकर आता चार दिवसाआड येतो. कडबा संपला, गाय चारा छावणीत न्यावी लागेल म्हणतात. गाय गेली की किटली कशाला आणि रांगेत मी तरी कशाला. त्याआधी तुमचं पत्र यावं एवढंच वाटतं.

ती भेटली का? चिठ्ठी तिच्या हातात पडली का? ती काय म्हणाली? शिव्या दिल्या असतील तर शिव्याच लिहा, एकही गाळू नका. भिवराबाईला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. आणि भेट झालीच नसेल तर तेही तसंच लिहा, उगाच बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

पोस्टमन दुपारी बाराला येतो. आम्ही दोघं वाट बघतो. लवकर कळवा.

धर्मराज